चुलीपाशीचा पहिला धडा

भगिनींनो, भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले, की त्याला लोंबणारे थेंब पाहून तुमचे चार-पाच वर्षांचे मूल विचारते, "आई, पाणी वर कसं गेलं?" कामाच्या घाईत आपण "गप बस" म्हणतो. तसे म्हणू नका. तो विज्ञानाचा पहिला धडा आहे आणि त्याचे सारे सामान तुमच्या घरातच आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. महागडी साधने न आणता परिसरातल्या वस्तूंवरच त्यांनी मुलांना शिकवले. आपणही तसेच करू.

दगड वाटीत ठेवा, ताटात ठेवा, आकार तोच राहतो. तो घन. पाणी तांब्यात तांब्यासारखे, वाटीत वाटीसारखे होते. तो द्रव. सायकलच्या ट्यूबमधली हवा दिसत नाही, पण दाबली की हाताला कळते. तो वायू.

मूल विचारील, "तांदूळही ओतता येतात, मग तेही द्रव का?" रागावू नका. ताटात तांदूळ ओता, ढीग होतो. पाण्याचा ढीग होत नाही. शिवाय तांदळाचा एकेक दाणा आपला आकार सोडत नाही. म्हणून तो घन.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली दाखवा. साधारण २४ अंशांखाली तेल थिजते, उन्हात ठेवले की वितळते. वस्तू तीच, रूपे दोन. पातेल्यातली वाफ मात्र दुरूनच दाखवा. ती फार भाजते, झाकण तुम्हीच उचला. वाफ गार झाकणाला लागून पुन्हा पाणी झाली, हे सांगा.

मग एक वाटी पाणी ताटात आणि एक वाटी तांब्यात घालून दोन्ही उन्हात ठेवा. ताट आधी सुकते, कारण पाणी पसरले की ऊन ते लवकर उडवते. आता भातसानगरला धरण दाखवा. तिथले पाणी मुंबईला जाते, कालव्यात जाते आणि थोडे ऊनही नेते. अशाच वाफेचे ढग होऊन आपल्या भातखाचरावर पाऊस पडतो.

उन्हाळ्यात दुरून हंडा आणणाऱ्या आईचे कष्ट अशा मुलाला लवकर कळतात. एखादे उत्तर येत नसेल तर लाजू नका. "चल, करून बघू," एवढेच म्हणा.