आवाज हवा, नाव नको?

मंडळी, आज जरा भांडायचंय. जुन्या रेकॉर्डींवर जीव टाकणाऱ्या आपल्या रसिकांशी. त्यात आमचे काही काका-मामाही आले, त्यांनी राग मानू नये. (मानला तरी लिहिणार आहेच.)

ग्रामोफोनचा सगळा इतिहास ह्यांना पाठ. १९०२ साली गौहर जान कलकत्त्यात गायल्या आणि गाणं संपल्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, हा किस्सा तर दर बैठकीत होतोच. का सांगितलं? तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हानोव्हरला. लेबलवर कोणाचं नाव छापायचं ते तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून. आवाजाबरोबर नाव जायलाच हवं, ही समज तेव्हाही होती.

मग एचएमव्हीच्या आठवणी निघाल्या की बालगंधर्वांपासून भीमसेनांपर्यंत सगळे येतात, प्रल्हाद शिंदेच कसे वगळले जातात? "अहो, ते रिक्षात वाजणारं!" म्हणून विषय संपतो. वा! आषाढीला वाळूजच्या छोट्या पंढरपूरच्या रस्त्यावर स्पीकरमधून कोण गातं? गणपतीत गुलमंडीवर कोण? आणि १४ एप्रिलला भडकल गेटला, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी? तिन्हीकडे हाच आवाज. त्यातल्या किती जणांना गायकाचं नाव विचारलं तर सांगता येईल?

आता थोडी माहिती. प्रल्हाद शिंदे जन्मले १९३३ साली मंगळवेढ्यात, म्हणजे चोखोबांच्या गावात. पंढरीचं देऊळ दलितांसाठी उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. तेव्हा हा मुलगा चौदाएक वर्षांचा असेल. आंबेडकरी घरातल्या त्याच मुलाच्या आवाजावर आज आख्खा महाराष्ट्र पंढरीची वाट चालतो. ही गोष्ट माहीत नसेल तर त्या गाण्याचा निम्मा अर्थ हातून निसटतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "गाण्यात जात कशाला आणता?" मी कुठं आणली? भीमसेनांचे गुरू कोण, घराणं कोणतं, गाव कोणतं, हे तुम्ही कौतुकानं सांगताच ना? मग इथंच मुळं नकोशी का होतात? आणि उलट बाजूनं "भीमगीतं गाणाऱ्यानं विठ्ठल का गावा" म्हणणारेही मला पटत नाहीत. माणूस भीमगीतं गायला, भक्तिगीतं गायला, कव्वाल्या गायला. गळा त्याचा, पोट त्याचं. हिशेब मागणारे आपण कोण?

"नावात काय आहे" असं तर निदान आपल्या गावात कोणी म्हणू नये. इथं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७८ ते १९९४, सोळा वर्षं लढा चालला. घरं जळली, माणसं गेली. नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायची?

२००४ साली, मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. तेव्हापासून गाणी वाजतातच आहेत, डीजेवाल्यांनी ठोके घालून त्यांचं पार भजं केलंय, आणि गायक-कवीचं नाव कुठंच नाही.

असो. मागणी अगदी छोटी आहे. पुढच्या आषाढीला मंडळाच्या माईकवरून, गाणं लावण्याआधी, एवढंच सांगा: गायक, प्रल्हाद शिंदे. पाच सेकंदही लागणार नाहीत.