आई, त्याला सांग!

अबोला धरायचा असेल तर घर मोठं हवं. दोन खोल्यांच्या घरात अबोला म्हणजे फार कठीण काम. बोईसरला माझ्या बहिणीच्या घरी गेल्या डिसेंबरात तो पंधरा दिवस चालला होता.

‘‘आई, त्याला सांग, माझा चार्जर जागेवर ठेव.’’

‘‘आई, त्याला सांग, तुझा चार्जर मी घेतलेलाच नाही.’’

आणि हे दोघं कुठे बसलेले? एकाच पलंगावर, एकमेकांकडे पाठ करून! मधे बिचारी आई, पोस्टमनसारखी. शेवटी तिने मला पालघरला फोन केला. ‘‘दादा, तू ये बाबा. तुझं ऐकतात ते.’’ (भाचे मामाचं ऐकतात हा समज फक्त आयांचा असतो, बरं का.)

तर हे माझे दोन भाचे. थोरला बारावीत, धाकटा नववीत. शाळेतले दोन मित्र धरून चौघांनी एक बँड काढलाय. गिटार, बेस, ड्रम, गाणं, सगळं साग्रसंगीत. बँडचं नाव मी सांगणार नाही, कारण त्या नावावरूनही तीन आठवडे वाद झाला होता. ड्रम वाजवणाऱ्या मुलाचा काका लग्नातल्या बँजो पार्टीत वाजवतो. त्याने एक जुना ड्रमसेट दिला. सराव एका मित्राच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पण सरावाचं वेळापत्रक ठरवतं कोण? कारखाना! तारापूर एमआयडीसी म्हणतात ती बोईसरलाच, स्टेशनपासून फार लांब नाही. तिथे अर्ध्या गावाचे बाबा पाळ्यांमध्ये काम करतात. ज्या आठवड्यात शेजारच्या काकांची रात्रपाळी, त्या आठवड्यात दिवसा ड्रम बंद. काका झोपलेले असतात.

भांडणाचं कारण तेवढं ऐका. धाकट्याने गिटारवर एक चाल काढली. चालही नव्हे, चार-पाच सुरांचा एक तुकडा, पुन्हा पुन्हा येणारा. थोरल्याने त्यावर शब्द लिहिले, कडवी केली, कुठे थांबायचं, कुठे जोरात जायचं ते बसवलं. गाणं झकास झालं. सोसायटीच्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमात ते घ्यायचं ठरलं. कार्यक्रम पत्रिका छापून आली, आणि त्यात ‘गीत-संगीत’ यापुढे एकच नाव. थोरल्याचं.

धाकटा काही बोलला नाही. सराव ऐन रंगात असताना त्याने आपल्या अ‍ॅम्पची पिन बोर्डातून काढली, गिटार पिशवीत घातली आणि घरी निघून आला. तेव्हापासून ‘आई, त्याला सांग.’

मी थोरल्याला गच्चीवर नेलं. तो म्हणाला, ‘‘मामा, शब्द माझे, चाल मी बांधली. त्याने फक्त सुरुवातीचं वाजवलंय.’’ मग धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘ते सुरुवातीचं काढून टाका आणि गाऊन दाखवा म्हणावं.’’

आता सांगा, काय निकाल द्याल? मला काही देता आला नाही. म्हणून मी मामा लोक करतात ते केलं. दोघांना समोर बसवून एक गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट अगदी खरी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला बांधलेला आहे.

लंडनमध्ये डेव्हिस नावाचं एक कुटुंब होतं. आधी सहा मुली, त्यानंतर दोन मुलगे. १९४४ साली जन्मला तो रे, १९४७ साली जन्मला तो डेव्ह. सहा बहिणींची घरं, त्यांची लग्नं, शनिवारची गाणी-बजावणी, पुढच्या खोलीतला पियानो. अशा गोतावळ्यात हे दोघे वाढले. थोरला रे अबोल आणि विचारात हरवलेला. धाकटा डेव्ह म्हणजे वारं प्यालेलं वासरू. शाळेत असतानाच त्यांनी मित्रांना घेऊन बँड केला. पुढे त्याचंच नाव ‘द किंक्स’ झालं.

पहिल्या दोन तबकड्या सपशेल पडल्या. आता तिसरी चालली नाही तर गाशा गुंडाळायचा, अशी वेळ आली. रेने घरातल्या पियानोवर एक लहानसा, धडधडत येणारा तुकडा रचला. तो गिटारवर वाजवला डेव्हने. पण साध्या गिटारवर नाही. डेव्हकडे एक छोटा हिरवा अ‍ॅम्प होता, रेडिओच्या दुकानातून घेतलेला. त्याचा गुळगुळीत आवाज त्याला मुळीच आवडत नसे. एकदा वैतागून त्याने ब्लेड घेतलं आणि स्पीकरचा कागदी शंकू चक्क कापला!

इथे धाकट्या भाच्याचे डोळे चमकले. (बहिणीचेही, पण वेगळ्या कारणाने.)

स्पीकरमध्ये आवाज येतो तो कागदाचा शंकू पुढे-मागे थरथरल्यामुळे. शंकू फाटला की त्याच्या कडा वेगळ्याच फडफडतात आणि सूर खरखरीत, गुरगुरता होतो. कंगव्यावर पातळ कागद ठेवून फुंकून बघा, म्हणजे कळेल. आज हाच खरखराट बटण दाबलं की मिळतो. १९६४ साली तो एका सतरा वर्षांच्या मुलाने ब्लेडने मिळवला. ‘यू रिअली गॉट मी’ हे ते गाणं. ऑगस्टमध्ये बाजारात आलं आणि सप्टेंबरमध्ये इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं.

आणि गीतकार-संगीतकार म्हणून तबकडीवर नाव कोणाचं? एकट्या रेचं.

कायदा असा, की गाण्याचा मालक ज्याने शब्द आणि चाल रचली तो. गाणं रेडिओवर लागो, नाटकात वाजो, त्याचा हिस्सा त्याला आयुष्यभर मिळत राहतो. पण ज्या आवाजामुळे लोक त्या गाण्यावर वेडे झाले तो आवाज ‘रचला’ असं कायदा मानत नाही. म्हणजे रेचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि डेव्हचं दुखणंही खोटं नव्हतं. पन्नास वर्षांनी रेच्या गाण्यांवर लंडनमध्ये एक संगीत नाटक आलं, तेव्हा स्पीकरच्या त्या करामतीत आपलाही हात होता असं रेकडून आल्यावर डेव्ह जाहीरपणे भडकला. अ‍ॅम्प माझा, ब्लेड माझं, हात माझा! साठी उलटून गेलेला माणूस, आणि भांडण कशावरून? एका फाटक्या कागदावरून.

हसलात ना? माझे भाचे मात्र हसले नाहीत.

एवढ्या वर्षांत दोघांत काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. डेव्ह तर सांगतो, की आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाचा केक रेने पायाने तुडवला. १९९६ साली बँड थांबला.

पण आपल्याला जायचंय मागे, जानेवारी १९६५ मध्ये. किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले होते आणि वाटेत मुंबईला उतरले. रे तेव्हा वीस वर्षांचा. प्रवासाने झोप उडालेली. पहाटे त्याने कोळी बांधवांना कामाला निघालेलं पाहिलं. जाळी घेऊन, एका सुरात गात चाललेले. त्या आवाजाने तो खिळून राहिला. परत गेल्यावर त्याने ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणं लिहिलं. जुलै १९६५ मध्ये ते आलं. त्यात सतार नाही, तंबोरा नाही, आहेत गिटारच. पण गाण्याखाली एकच सूर असा घुमत राहतो की तंबोरा छेडल्यासारखा वाटावा. बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली ती त्यानंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे इंग्रजी रॉकमध्ये आपल्याकडचा सूर शिरला तो, बऱ्याच जाणकारांच्या मते, मुंबईच्या कोळ्यांमुळे!

या गाण्यामागे आणखी एक गोष्ट आहे. त्या सहा बहिणींतली रेने. तिचं हृदय लहानपणापासून कमजोर होतं. लग्न होऊन कॅनडाला गेलेली ती माहेरी परत आली होती. जून १९५७. रेचा तेरावा वाढदिवस आला, म्हणून तिने त्याला एक गिटार आणून दिली. त्याला कधीपासून हवी होती ती. आणि त्याच संध्याकाळी ती नाचायला म्हणून गेली, तिथेच नाचता नाचता कोसळली आणि गेली. ‘सी माय फ्रेंड्स’ तिच्याबद्दल आहे असं रेने पुढे सांगितलं आहे. डेव्ह तेव्हा दहा वर्षांचा होता. बहीण त्याचीही होतीच की.

एवढं सांगून मी थांबलो. थोरला बराच वेळ नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे भावांचे बँड टिकतच नाहीत?’’

टिकतात की. तारापूरच्या मुलांना सांगायला मला ऑस्ट्रेलियातला एसी/डीसी हा बँड फार आवडतो. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र जिथे सुरू झालं, त्या गावाला विजेचं नाव लावणारा बँड जवळचा वाटायला नको? १९७३ साली माल्कम आणि अँगस यंग या भावांनी तो सुरू केला. नाव सुचवलं बहिणीने, शिवणयंत्रावर लिहिलेलं वाचून. धाकट्या अँगसने शाळेचा गणवेश घालून स्टेजवर यायचं, ही कल्पनाही तिचीच. तो पुढे उड्या मारायचा, थोरला माल्कम मागे उभा राहून ताल धरायचा. गाण्यांवर नावं दोघांची. २०१७ मध्ये माल्कम गेला. तोवर आजारपणाने त्याला बँड सोडावा लागला होता, भांडणाने नव्हे.

आणि आपले अजय-अतुल! त्यांची कोणती चाल कोणाला सुचली ते कधी कळलंय का तुम्हाला? दोन नावांमध्ये एक छोटी आडवी रेघ, बास. बरं, त्या दोघांत मोठा अतुल. तरी धाकट्याचं नाव आधी.

हे मात्र धाकट्याला फारच पसंत पडलं. तो आईला म्हणाला, ‘‘आई, त्याला सांग, ऐकलंस ना?’’ झालं! पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं मत विचाराल तर पत्रिकेतली ती ओळ थोरल्याची चूकच होती. छापायला देताना दोन मिनिटं विचारायला काय झालं होतं? पण पिन काढून निघून येणारा धाकटाही काही कमी नाही. उरलेल्या दोघा मित्रांनी काय घोडं मारलं होतं? मात्र हे मी तिथे बोललो नाही. मी घरातला मधला. थोरल्यांनी मला कधी विचारलं नाही आणि धाकट्यांनी कधी माझं ऐकलं नाही. अशा माणसाने न्यायाधीश होऊ नये.

त्याऐवजी पुढच्या रविवारी दोघांना पालघरला बोलावलं आणि रिक्षाने सातपाटीला घेऊन गेलो. म्हटलं, रेने ऐकलं ते आपण ऐकू. पण तिथे पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. होड्यांना आता इंजिनं आहेत. आम्हाला ऐकू आला तो इंजिनांचा भकभकाट, बर्फ फोडल्याचा आवाज आणि टोपल्या उचलणाऱ्या बायकांची एकमेकींना हाक. गाणं वगैरे काही नाही. माझा अगदी पोपट झाला. फक्त एका ठिकाणी चार-पाच जण होडीचा दोर ओढत होते आणि दर ओढीला एकजण आरोळी देत होता, बाकीचे तिच्यात आवाज मिसळत होते. दोन मिनिटं चाललं असेल. थोरला खिशात हात घालून उभा. धाकटा होडीच्या सावलीत उकिडवा बसलेला. दोघांमध्ये दहा हात अंतर. पण दोघांचा पाय त्या ओढीबरोबर हलत होता, हे मी पाहिलं.

बहिणीसाठी पापलेटं घेतली आणि मीही त्यांच्याबरोबर बोईसरला निघालो. विरार-डहाणू लोकलला रविवारी दुपारी जागा मिळते. मी खिडकीशी, समोर दोघं, मधे माशांची पिशवी. पालघर सुटलं. कोणी बोलेना. बाहेर भात कापून मोकळी झालेली शेतं आणि ताडाची झाडं.

मग थोरला खिडकीकडे बघतच म्हणाला, ‘‘ते सुरुवातीचं वाजवतोस ना, ते तू मोबाइलवर घेऊन ठेवलंयस का?’’

धाकट्याने सवयीने तोंड उघडलं, ‘‘आई, त्याला सां...’’

आणि थांबला. आई बोईसरला होती. डब्यात मी होतो, पण मी लगेच पिशवीतली पापलेटं मोजायला घेतली. आठ होती. पुन्हा मोजली.

उमरोळी आलं, गेलं.

‘‘ठेवलंय,’’ धाकटा म्हणाला. ‘‘पण हेडफोन एकच आहे.’’