संकेश्वरी म्हणावे कोणत्या मिरचीला?

उन्हाळा लागला की कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत घरोघर वर्षाची चटणी करण्याची लगबग सुरू होते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणा व स्वाद यांसाठी संकेश्वरी, आणि ज्यांना झणका अधिक हवा त्यांच्यासाठी थोडी लवंगी, असे हे मिश्रण घरोघरी चालत आले आहे. मिरची घेताना गृहिणी हटकून विचारते, "ही अस्सल संकेश्वरीच ना?" व्यापारी होकार देतो. वस्तुतः विकणाऱ्यास, घेणाऱ्यास आणि पुष्कळदा पिकविणाऱ्यासही या प्रश्नाचे उत्तर निश्चयाने देता येत नाही. ज्या नावावर चार पैसे अधिक मिळावयाचे, त्या नावाची मिरची कोणती हेच शेतकऱ्याला सांगता येत नसेल, तर ते चार पैसे त्याच्या पदरी फार दिवस पडणार नाहीत.

प्रथम नावाचा विचार करू. मिरचीची आपली पुष्कळशी नावे गावांची आहेत, आणि ती गावे मुख्यतः पेठांची आहेत. ब्याडगी हे कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातले बाजाराचे गाव. तेथे विक्रीस येणारी मिरची धारवाड, गदग, बळ्ळारी, रायचूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून येते. संकेश्वर हे बेळगाव जिल्ह्यात. परंतु त्या नावाची मिरची गडहिंग्लजच्या बाजूसही पिकत आली आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव व धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते, त्यामुळे या नावांना सीमा ठाऊक नव्हती. पुढे पेठ पलीकडे राहिली आणि कित्येक शेते अलीकडे राहिली. तेव्हा संकेश्वर गावची तेवढीच खरी, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

दुसरा हट्ट असा, की आमची मिरची अनादि काळापासूनची, म्हणून ती अस्सल. यातही तथ्य नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मुख्यतः मिऱ्यांचा होता, आणि मिरची हे नावदेखील मिरीवरूनच पडले. म्हणजे हे पीक आपल्याकडे येऊन सुमारे पाचच शतके झाली आहेत. एवढ्या अवधीत परक्या रोपाची संकेश्वरी, ब्याडगी, भिवापुरी अशी वेगवेगळी रूपे झाली, ती आपोआप नव्हेत. चांगल्या झाडाची पिकली फळे बाजूला काढून बियांसाठी आढ्याला टांगून ठेवणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी, त्यांतही विशेषेकरून घरच्या बायामाणसांनी, ती घडविली. मिरचीचे अस्सलपण हे दरवर्षी करावयाचे काम आहे, आणि ते एक-दोन हंगाम थांबले तरी नाहीसे होऊ शकते. वाडवडिलांकडून आयते मिळालेले ते धन नव्हे.

प्रत्येक भागाने आपल्या ताटाप्रमाणे मिरची निवडली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोल्हापूरकडील कांदा-लसणाच्या चटणीला लांब, पातळ सालीची, वाळल्यावर सुरकुतणारी मिरची मानवते. शिफारस झालेल्या जातींपैकी संकेश्वरी-३२ चे वर्णन असेच आहे: झाड उंच, फळ सुमारे २० ते २५ सें. मी. लांब, साल पातळ, वाळल्यावर रंग गर्द लाल. ब्याडगीत डब्बी व कड्डी असे दोन प्रकार मानतात. डब्बी आखूड व फुगीर, तर कड्डी लांब व सडपातळ. दोन्हींत तिखटपणा कमी आणि रंग भरपूर, म्हणून मसाल्याखेरीज नैसर्गिक रंग काढणाऱ्या कारखान्यांकडूनही तिला मागणी असते. आंध्रातील गुंटूर सन्नम जाड सालीची व तिखट. नागपूर जिल्ह्यात भिवापुरीचा मान. गोव्यात काणकोण तालुक्यातील खोला येथे डोंगरउतारावर पावसाळी मिरची करतात, तिचा मान वेगळा. यांपैकी एकच खरी आणि बाकीच्या खोट्या, असे कोणी म्हणू नये. नागपूरकडच्या माणसाला ब्याडगीचा रस्सा मिळमिळीत वाटेल आणि धारवाडकडच्याला भिवापुरीने ठसका लागेल. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबरच आहेत. चूक तेव्हा होते, जेव्हा एकीच्या पोत्यावर दुसरीचे नाव पडते.

हे नाव बदलते कोठे? व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे, आणि काही ठिकाणी तो योग्यही आहे. परंतु पुष्कळदा सरमिसळ शेतातच झालेली असते. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते हे खरे. तथापि मधमाश्या व इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात आणि संकर बराच होतो. शेजारच्या बांधावर ज्वाला असेल, पलीकडे ढोबळी असेल, तर संकेश्वरीच्या झाडावर दिसावयास संकेश्वरीच लागते, पण तिच्या बियांतून पुढच्या वर्षी तऱ्हेतऱ्हेची झाडे निघतात. याच कारणास्तव प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर विलगीकरण अंतर ठरविलेले आहे. जमीन व हवामान यांचाही परिणाम असतोच. पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची मिरची पुष्कळदा अधिक तिखट होते. मात्र बीजच बिघडले, तर जमीन कितीही चांगली असली तरी ती काही करू शकत नाही.

संकरित वाणांबद्दल दोन शब्द स्पष्ट लिहितो. चुरडा-मुरडा, फुलकिडे आणि मजुरी यांनी त्रासलेला शेतकरी अधिक उत्पन्नाचा संकरित वाण लावतो, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. घर चटणीच्या आठवणीवर चालत नाही. माझा आक्षेप लागवडीस नसून नावास आहे. ब्याडगीसारखी दिसणारी संकरित मिरची ब्याडगी म्हणून विकली, की गिऱ्हाईक एकदा फसते आणि पुढच्या खेपेस खऱ्या ब्याडगीलाही तोच भाव देऊ करते. संकरित ती संकरित म्हणून विकावी. आणि तिचे घरचे बी धरू नये, कारण पुढील पिढीत गुण फुटून निघतात. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की अस्सल नाव म्हणजे भावाची हमी नव्हे. मार्च २०२४ मध्ये खुद्द ब्याडगीच्या बाजारात दर कोसळले आणि संतप्त शेतकऱ्यांच्या उद्रेकात बाजार समितीच्या कचेरीला व वाहनांना आग लागली. आवक दाटली म्हणजे नावाचाही उपयोग होत नाही. म्हणून सगळे रान एकाच मिरचीखाली आणण्याचा सल्ला मी देणार नाही.

भौगोलिक मानांकनाविषयी गावोगाव पुष्कळ अपेक्षा दिसतात. ब्याडगीला ते २०११ साली व खोला मिरचीला २०१९ साली मिळाले. भिवापुरीलाही मिळालेले आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते. पण आपल्या मडक्यातील बियाण्याचे रक्षण कोणताही दाखला करीत नाही, ते आपणच करावयाचे असते.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पीक उभे असतानाच जातीच्या लक्षणांची, निरोगी, भरपूर फळे धरणारी पंधरा-वीस झाडे हेरून त्यांस सुतळी बांधावी. बोकड्या झालेले झाड कितीही लालभडक फळांचे असले तरी घेऊ नये. लहान शिवारात २०० मीटरचे अंतर राखणे अशक्यच असते. अशा वेळी हेरलेल्या झाडांवरील उमललेली फुले व धरलेली फळे काढून टाकावीत व त्यांवर बारीक जाळी घालावी. आत कीटक गेला नाही तरी फळ धरते. जाळी काढल्यानंतर धरलेली फळे बियाण्यात मिसळू नयेत. बाजाराच्या ढिगातून बियाण्याची फळे निवडण्याची रीत मात्र सर्वस्वी सोडावी, कारण ढिगात फळ दिसते, झाड दिसत नाही. गावातील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एका बाजूच्या रानात एकच जात लावली, तर जाळीचाही खर्च वाचेल. कार्यकर्त्यांनी अशा गटाच्या झाडांची पाहणी फळे लाल होण्याच्या सुमारास एकदा तरी अवश्य करावी.

मिरची मातीवर न वाळविता स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर, ओलावा सुमारे १० टक्के होईपर्यंत वाळवावी. पोती भरताना मिरची मोडू नये म्हणून तीवर पाणी शिंपडण्याची चाल काही ठिकाणी आहे. तिने वजन वाढते, बुरशी येते, आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन हे विषही येते. रंग वाढविण्यासाठी काही मिसळण्याचा विचारही करू नये. २००५ साली ब्रिटनमध्ये सुदान-१ हा रंग मिसळलेल्या तिखटामुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते.

पोते शिवताना त्यात जातीचे नाव, गाव व तोडणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी घालावी. व्यापारी प्रथम हसेल. तरीही घालावी, आणि दोन जातींची मिरची एका पोत्यात भरू नये.