सूचना करायची, पण कुठे आणि कशी?

आपल्याकडे सूचनांना तोटा नाही. मंडळाचं हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो की कॉलनीतला गणपती, कार्यक्रम संपला की चपला घालता घालता दहा जणी दहा गोष्टी सांगतात. "मला काय, मी आपलं सांगितलं," हे वर आहेच. जिने राबून सगळं उभं केलं तिच्या जिवाला ते लागतं, पण पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते मात्र कळत नाही. मैत्रिणींनो, सांगणाऱ्या बायका काही वाईट नसतात. सांगण्याची जागा चुकते, आणि बहुतेक वेळा मापही नसतं.

हे माप कसं असतं ते पाहायचं तर हिवरे बाजारला जावं. नगर शहरापासून (आता अहिल्यानगर म्हणायचं) जवळच, पाऊस मुळात कमी पडणाऱ्या भागातलं गाव. १९७२च्या दुष्काळानंतर उजाड झालेलं, पोटासाठी माणसं बाहेर जात. पोपटराव पवार सरपंच झाले, शाळेपासून काम सुरू झालं, मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. पोपटरावांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं तुम्ही अनेकदा वाचलं असेल. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथला पाण्याचा जमाखर्च. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात. पावसाळा सरला की हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांना आणि जनावरांना प्यायला लागणारं पाणी बाजूला काढायचं, मग उरलं त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी मागणारं पीक कमी. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीच्या मागे लागायचं नाही.

आता विचार करा. "तुमच्या शेतात पाणी फार जातं हो," असं एरवी कुणी बांधावर म्हणालं तर काय होईल? आजोबांच्या काळापासूनची भांडणं वर येतील. पण तेच सभेत, सगळ्यांसमोर, विहिरीच्या आकड्यासकट आलं की बोलणं माणसाच्या घराण्यावर जात नाही, विहिरीवरच राहतं. ऐकणाऱ्यालाही मान खाली घालायची वेळ येत नाही. आकडा चुकला असेल तर तो म्हणू शकतो, चला, परत मोजू.

आणखी एक. चराईबंदीसारखा नियम सुचवणं, ज्याच्या दारात शेळी नाही त्याला फार सोपं असतं. शेळी म्हणजे गरीब बाईची बँक. मुलाची फी भरायची, दवाखाना आला, की ती विकली जाते. म्हणून "डोंगरावर जनावरं सोडू नका" असं म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही बोलायला हवं, की मग त्यांनी खायचं काय? हिवरे बाजारात जनावरं मोकळी सोडायला बंदी असली तरी गवत विळ्याने कापून घरी न्यायला मुभा होती. हे दुसरं वाक्य नसतं तर पहिलं किती दिवस टिकलं असतं, मला शंका आहे.

अशी गावं बघायला आपण सहली काढतो. परतताना "फारच छान, खरंच आदर्श" एवढंच म्हणतो. कौतुक कुणाला नको असतं? पण गावाला त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा एखादीने विचारावं, पाऊस दगा देतो त्या वर्षी भूमिहीन घरांचं कसं चालतं? बाहेरच्या माणसाला असा प्रश्न सुचतो, कारण त्याला सवयीने आंधळेपण आलेलं नसतं. मात्र विचारून उत्तर ऐकायला थांबायला हवं. गाडीत बसता बसता विचारलेला प्रश्न हा नुसता टोमणा.

जानेवारी २०२१मध्ये हिवरे बाजारात जवळपास तीस वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. तोवर बिनविरोध चालत आलं होतं. पोपटरावांच्या पॅनेलने सगळ्या जागा जिंकल्या. काहींना वाटलं, आदर्श गावाला गालबोट लागलं. मला नाही तसं वाटत. "नाही" म्हणणाऱ्याला उघड म्हणता आलं, मोजून उत्तर मिळालं, यात कमीपणा कसला? बिनविरोधचं आपल्याला उगाच फार कौतुक आहे. घरात सून गप्प असली की घर गुण्यागोविंदाने चाललंय म्हणणारे आपणच!

आमच्या बचत गटात एकीने भर बैठकीत "हिशेब नीट ठेवत जा" म्हटलं होतं. सेक्रेटरीला ते चोरीच्या आळासारखं लागलं, दोघींचं बोलणं तुटलं, एकीने येणंच सोडलं. काही महिन्यांनी दुसरी म्हणाली, "हप्ता पाच तारखेला आहे, आमच्या दुधाचा पगार हातात येतो सात-आठला. आम्हा सहा जणींना दर महिन्याला दंड बसतो. तारीख दहा केली तर?" पाच मिनिटांत ठराव झाला. पहिलीच्या मनातही बहुधा दंडाचाच राग होता. पण "नीट" म्हणजे किती, कुणाचं, कोणत्या तारखेचं, हे कुणाला कळणार?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टर घरोघरी फिरवून होते, आपणही चुलीवरची भाजी परतता परतता सही करून मोकळ्या होतो. आणि नळाबद्दलची सगळी तक्रार मग नळावरच. या वेळी रजिस्टर दारात आलं तर सभेची जागा आणि वेळ विचारा. जायच्या आधी आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा: पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आणि एक हंडा भरायला किती मिनिटं लागली. गल्लीतल्या आणखी चौघींनाही लिहायला सांगा, वरच्या टोकाच्या दोघी आणि खालच्या टोकाच्या दोघी.