माणूस कोणाचा?

जालन्याच्या कामगार बंधू-भगिनींनो,

कारखान्यात माणूस पडला की पहिला प्रश्न 'किती लागलं?' हा नसतो. 'माणूस कोणाचा?' हा असतो. उत्तरही ठरलेले: 'ठेकेदाराचा.' एवढ्यावर मालक हात झटकून मोकळा!

24 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या औद्योगिक वसाहतीत गजकेसरी स्टीलमध्ये स्फोट झाला. वितळलेले लोखंड अंगावर पडून वीसहून अधिक कामगार जखमी झाले. त्याची बातमी झाली. हायड्रा क्रेनखाली पाय गेलेल्याची, फोर्कलिफ्टने भिंतीशी दाबलेल्याची बातमी होत नाही.

याला नशीब म्हणू नका. फर्नेसमध्ये ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा गेला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते; लिटरभर पाण्याची सुमारे 1,700 लिटर. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, म्हणून वळताना तिचे बूड बाहेर फेकले जाते. माल उंच रचला तर चालकाला समोरचा माणूस दिसत नाही. म्हणजे भंगार निवडायला माणसे हवीत, गाडीला आखलेली वाट हवी, शिकलेला चालक हवा. या तिन्हींचा खर्च वाचवायचा आणि वसुली आमच्या हाडांतून करायची, हा कुठला धंदा?

'कामगारच हेल्मेट घालत नाहीत,' असे साहेब म्हणतात. साहेब, बाराव्या तासाला डुलकी लागलेल्या चालकापुढे हेल्मेट काय करील?

'जालना, सोने का पालना' म्हणतात. पाळणा हलवणारे हात कोणाचे? सळईवर ब्रँडचे नाव ठसठशीत उमटते. ती घडवणाऱ्या कितीतरी जणांचे नाव हजेरीपटावरही नसते.

आमच्या मागण्या:

1. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेने ते बंधनकारक आहे.
2. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, हे 1923 च्या कायद्यानेच मान्य केले होते. ती टाळू नका.
3. फोर्कलिफ्ट, हायड्रा आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या आखा. प्रशिक्षण नसलेल्याला चावी देऊ नका.
4. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तपासणी करताना कामगारांशीही बोलावे, तेही साहेबांच्या माघारी.

मित्रांनो, जखमी माणूस बिहारचा असो की भोकरदनचा, त्याला खासगी गाडीत घालून गुपचूप गावी धाडू देऊ नका. तारीख, वेळ, यंत्र, साक्षीदार लगेच लिहून ठेवा. आणि कोणी विचारले, 'माणूस कोणाचा?' तर अख्ख्या पाळीने एका आवाजात सांगा:

आमचा!

— तुमच्याच पाळीतले काही कामगार