निळू फुले यांचे सर्वोत्तम चित्रपट आणि सत्तेचा बदललेला पत्ता

१/ निळू फुले हे नाव घेतले की आजच्या पिढीला वाडा, झोपाळा आणि खर्जातला दरारा आठवतो. समाजमाध्यमांवरील विनोदांनी ही प्रतिमा आणखी पक्की केली. माझे मत असे की, या प्रतिमेने एका थोर नटावर अन्याय केलाच. शिवाय त्यांच्या चित्रपटांतून दिसणारा महाराष्ट्राचा इतिहासही झाकला. #थ्रेड

२/ प्रथम पार्श्वभूमी. पुण्यात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने पडदा. 'सोंगाड्या' (१९७१), 'पिंजरा' (१९७२) हे गाजलेले चित्रपट त्यानंतरचे. पडद्यावरचा हा खलनायक आयुष्यभर समाजवादी चळवळीचा कार्यकर्ता राहिला.

३/ आता वाड्याविषयी. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' यांनी जुन्या जमीनदारीचा कणा मोडला. त्याच सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

४/ परिणामी गावातील सत्तेचा पत्ता बदलला. ती वाड्यातून निघून कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि शिक्षण संस्था यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. सहकाराने शेतकऱ्याला मोठा आधार दिला, यात शंका नाही. मात्र ऊस, कर्ज आणि नोकरी या तिन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात जाण्याची वाटही त्यातूनच निघाली. तमाशापटांतला पाटील मात्र वाड्यातच राहिला.

५/ हा बदल प्रथम ठळकपणे दाखवला तो 'सामना'ने (१९७५). लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल, निर्मिती रामदास फुटाणे. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे. माझ्या दृष्टीने हीच त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका.

६/ कारण हिंदुराव ओरडत नाही. गावात आलेल्या एका दारुड्या मास्तरांना (डॉ. श्रीराम लागू) तो सन्मानाने आश्रय देतो, त्यांना आपले साम्राज्य दाखवतो, त्यांच्याशी आदबीने बोलतो. आपण गावाचा विकास केला, ही त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे. आणि त्या विकासाच्या आड मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झालेला आहे.

७/ मास्तर त्या माणसाविषयी विचारत राहतात. प्रत्येक वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावरील सौजन्य किंचित ताणले जाते. निळूभाऊंनी हा ताण नजरेतून आणि थांबलेल्या वाक्यांतून दाखवला आहे. दुष्टपणा दाखवणे त्या मानाने सोपे. स्वतःला लोकोपकारी समजणारा गुन्हेगार उभा करणे अवघड. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात पोहोचला आणि त्याच वर्षी जूनमध्ये देशात आणीबाणी लागू झाली.

८/ दुसरा चित्रपट 'सिंहासन' (१९७९). अरुण साधू यांच्या 'सिंहासन' व 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्या, पुन्हा तेंडुलकर आणि पटेल. येथे मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू आणि निळूभाऊ चक्क पत्रकार, दिगू टिपणीस! चार वर्षांपूर्वी ज्याने सत्ता भोगली, तोच नट आता सत्तेचा साक्षीदार झाला.

९/ दिगूला सारे ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्याने काहीही बदलत नाही. शेवटी त्याला वेड्यासारखे हसू फुटते. राजकारणाला कंटाळलेल्या नागरिकाचे इतके भेदक चित्र मराठी पडद्यावर क्वचितच आले असेल. 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ पाहावेत. पहिल्यात प्रश्न विचारल्याने सत्ता हादरते, दुसऱ्यात ती निर्ढावलेली असते.

१०/ तिसरे स्थान मी 'सारांश'ला (१९८४) देईन. महेश भट्ट यांच्या या हिंदी चित्रपटात ते गजानन चित्रे हा पुढारी साकारतात. येथे सत्ता एका निवृत्त शिक्षकाच्या दाराशी येऊन उभी राहते. भूमिका लहान आहे, पण हिंदुरावाचा शहरी भाऊबंद ओळखू येतो.

११/ कोणी म्हणेल, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते तमाशापटांमुळे. मग ही निवड अभिजनांची नव्हे काय? मी नवी मुंबईत राहतो. येथील कोपरखैरणे, घणसोलीत माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. त्यांतील असंख्य कुटुंबे सातारा-सांगलीकडची. कारखाना, सोसायटी, चेअरमन हे शब्द त्यांनी पुस्तकात वाचलेले नाहीत. ते त्यांच्या घरचे आहेत. 'सामना' समजायला त्यांना समीक्षकाची गरज नाही.

१२/ १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. ज्या माणसाने सत्तेचे सोंग उघडे पाडण्यासाठी आपला चेहरा वापरला, त्याला आपण वाड्यावरच्या एका विनोदापुरते उरवले. यात तोटा आपला आहे. वाड्यावर हसण्यात कसलाच धोका नाही, कारण ते वाडे आता ओस पडले आहेत. हिंदुरावाची कचेरी मात्र चालू आहे, आणि तिथे आजही आपले स्वागत आदबीनेच होते.

१३/ 'सामना' पाहिला नसेल तर या रविवारी अवश्य पाहा. आणि निळूभाऊंची तुमच्या मते सर्वोत्तम भूमिका कोणती, तेही कारणासह कळवा. मतभेदाचे स्वागत आहे.