मोनोवाय (नेब्रास्का)
मोनोवाय हे अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बॉइड काउंटीमधील खेडे आहे. लोहमार्ग आल्यावर १९०२मध्ये वसलेल्या या गावात १९३०च्या दशकात सुमारे १५० लोक राहत. पुढे तरुण पिढी रोजगारासाठी शहरांकडे गेली आणि १९६७मध्ये टपाल कार्यालयही बंद झाले. २०००मध्ये येथे एकच दांपत्य उरले होते. पतीच्या निधनानंतर २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या १ नोंदली गेली; महापौर, लिपिक, खजिनदार व ग्रंथपाल ही सारी कामे पत्नीच पाहत.

२०२०च्या जनगणनेत लोकसंख्या २ झाली, मात्र नवा रहिवासी कोणीच आला नव्हता. व्यक्तींची माहिती गुप्त राहावी म्हणून जनगणना विभागाने राज्याहून लहान प्रदेशांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार केला होता. मोठ्या शहरात असा फरक नगण्य ठरतो. येथे त्याने लोकसंख्या दुप्पट केली, तीही गावातील एकमेव रहिवाशाची ओळख आधीच जगजाहीर असताना.